बर्फावरची तालीम : बॉस्टनच्या एका मंडळाची कथा



वैशाखाच्या या उकाड्यात बर्फावर बोलण्याचा धीर केला आहे. निदान विषयाने तरी श्रोत्यांना थोडा गारवा लाभावा, एवढाच त्यातला स्वार्थ.

मला सांगायची आहे ती अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या स्केटिंग क्लबची हकीकत. हा क्लब १९१२ साली स्थापन झाला. पण त्याआधी या कलेचे नाव नीट समजून घेऊ. ‘फिगर स्केटिंग’ यातील फिगर म्हणजे आकृती. बुटाखालच्या पोलादी पात्याला तळाशी मधोमध पन्हळ असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन धारा येतात. शरीराचा भार एका धारेवर झुकवला की मनुष्य सरळ न जाता वर्तुळात वळतो. अशी दोन वर्तुळे जोडून बर्फावर इंग्रजी आठाचा आकडा काढायचा, आणि मग त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा जायचे. आपल्याकडे धूळपाटीवर मुले श्रीगणेशा गिरवीत, तसेच हे गिरवणे; फक्त बोटाऐवजी पाऊल आणि धुळीऐवजी बर्फ. एके काळी स्पर्धेतले निम्म्याहून अधिक गुण या गिरवण्याला असत. १९९० नंतर जागतिक स्पर्धांतून ते अजिबात गेले. आज दूरचित्रवाणीवर आपण उड्या आणि गिरक्या पाहतो, पण नावात आकृती राहिली आहे.

आता क्लब कशासाठी लागतो? गोठलेल्या तळ्यावर कोणीही घसरावे. त्याला वर्गणी नको. परंतु तळे वर्षातून थोडेच दिवस गोठते आणि आकडा गिरवायला कोरा, गुळगुळीत, मोकळा बर्फ हवा. १९१० च्या सुमारास बॉस्टनमध्ये यंत्राने गोठवलेल्या बर्फाचे बंदिस्त मैदान झाले. तो बर्फ तासांच्या हिशेबाने भाड्याने घ्यावा लागे, आणि एकट्यादुकट्याला ते परवडणारे नव्हते. तेव्हा चार माणसे एकत्र आली, त्यांनी वर्गणी काढली, वेळा वाटून घेतल्या. आपल्या गावात पेठेची तालीम उभी राहते ती याहून फार निराळ्या रीतीने नाही. १९३८ साली क्लबाने चार्ल्स नदीजवळ स्वतःचे छप्पर उभारले आणि तेथे २०२० पर्यंत संसार केला.

या संस्थापक मंडळींत वेल्ड नावाचे गृहस्थ होते. त्यांची कन्या थेरेसा १९१४ साली अमेरिकेची पहिली राष्ट्रीय विजेती झाली. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये तिने उडी मारली, तेव्हा परीक्षकांनी तिला समज दिली, की स्त्रीला हे शोभत नाही. तिने कांस्यपदक घेतले आणि उडी मारणे काही सोडले नाही. पुढे १९२३ साली ‘स्केटिंग’ हे मासिक सुरू झाले, ते तिने चाळीस वर्षे सांभाळले. हे दुसरे काम मला पदकाहून मोठे वाटते.

तथापि, सगळेच उजळ नव्हते. त्या काळच्या अमेरिकेतील या क्लबांची दारे गौरवर्णीयांपुरतीच उघडी असत. न्यूयॉर्कमधील मेबल फेअरबँक्स या कृष्णवर्णीय मुलीला कोणत्याही क्लबाने सभासद केले नाही, म्हणून तिला राष्ट्रीय स्पर्धेत उतरताच आले नाही. ती पुढे नामवंत शिक्षिका झाली, आणि १९९७ साली त्याच खेळाच्या मानकऱ्यांत तिचे नाव घातले गेले. इतक्या उशिरा दिलेल्या मानाला काय म्हणावे, ते आपणच ठरवा.

बॉस्टनमध्ये टेनली ऑल्ब्राइट नावाची मुलगी होती. अकराव्या वर्षी तिला पोलिओ झाला. बरी होताना पायांत बळ यावे म्हणून ती पुन्हा बर्फावर उतरली. तिच्या शिक्षिका होत्या मॅरिबेल व्हिन्सन. स्वतः नऊ वेळा राष्ट्रीय विजेत्या, आणि वृत्तपत्रात क्रीडावृत्ते लिहिणाऱ्या. १९५६ च्या ऑलिंपिकपूर्वी काही दिवस टेनलीच्या घोट्याला तिच्याच पात्याने खोल जखम झाली. तशा पायाने तिने सुवर्णपदक जिंकले, आणि मग बर्फ सोडून वैद्यकीच्या अभ्यासाला लागली. ती शस्त्रवैद्य झाली.

आणि आता १९६१. त्या जानेवारीत अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत स्त्रियांत लॉरेन्स ओवेन, पुरुषांत ब्रॅडली लॉर्ड, आणि जोडीत लॉरेन्सची बहीण मॅरिबेल व डडली रिचर्ड्स विजयी झाले. चौघेही याच क्लबाचे. दोघी बहिणी व्हिन्सनबाईंच्या मुली. १५ फेब्रुवारीला जागतिक स्पर्धेसाठी प्रागला निघालेले विमान ब्रुसेल्सजवळ कोसळले. विमानातले सर्व ७२ जण गेले. त्यांत अमेरिकेचे अठराही खेळाडू, त्यांचे शिक्षक आणि नातलग होते. मायलेकी तिघी एकदम गेल्या. घरी उरली ती म्हातारी आजी. त्या वर्षी जागतिक स्पर्धाच झाली नाही.

अशा वेळी संस्था बुडते. ही बुडाली नाही याचे कारण शोधू गेले तर ते इमारतीत सापडत नाही. व्हिन्सनबाईंनी जे जे शिकवले होते, ते शिष्यांच्या पायांत उरले होते. त्यांचाच एक शिष्य फ्रँक कॅरॉल. त्याच्या हाताखाली मिशेल क्वान तयार झाली. गवयांच्या घराण्यात तंबोरा मागल्याने पुढे लावावा, तसेच हे.

२९ जानेवारी २०२५ च्या रात्री विचिटाहून आलेले प्रवासी विमान वॉशिंग्टनच्या विमानतळाजवळ लष्करी हेलिकॉप्टरवर आदळून पोटोमॅक नदीत पडले. ६७ माणसे दगावली. राष्ट्रीय स्पर्धेनंतरचे शिक्षणशिबिर आटोपून परतणारी अनेक मुले त्यात होती. बॉस्टनच्या क्लबाची सहा माणसे गेली: दोन किशोरवयीन खेळाडू, त्या दोघांच्या आया, आणि दोन शिक्षक, येवगेनिया शिश्कोवा व वादिम नाउमोव. हे पतिपत्नी १९९४ चे जोडीतले जगज्जेते. दुसऱ्या दिवशी क्लबात शोकासाठी माणसे जमली, त्यांत ८९ वर्षांच्या टेनलीबाई होत्या. १९६१ आणि २०२५, दोन्ही त्यांनी पाहिले. त्याच दिवशी, या क्लबाकडून खेळलेले, दोन ऑलिंपिक सुवर्णपदकांचे मानकरी डिक बटन निवर्तले.

मार्चच्या अखेरीस जागतिक स्पर्धा ठरल्याप्रमाणे बॉस्टन शहरातच झाली. त्याआधी, २ मार्चला वॉशिंग्टनमध्ये मृतांच्या कुटुंबीयांसाठी एक कार्यक्रम झाला. त्यात शिश्कोवा-नाउमोव यांचा मुलगा मॅक्सिम बर्फावर उतरला आणि शेवटी गुडघे टेकून रडला. २०२६ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी निवडलेल्या अमेरिकी संघात त्याचे नाव होते.