टाळी, दाद आणि ‘कट्यार’

(छत्रपती संभाजीनगर येथे एका संगीतवर्गाच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘संगीतप्रधान चित्रपट आणि प्रेक्षक’ हा विषय संयोजकांनी मला दिला, तेव्हा मी थोडा बिचकलो. मी काही चित्रपटांचा समीक्षक नाही. गेली तीसेक वर्षे पेटी पुढे घेऊन मुलांना ‘सा’ लावायला शिकवणारा मास्तर आहे. परंतु २०१५ सालच्या दिवाळीत आपल्या गावातल्या एका चित्रपटगृहात मी जे पाहिले, ते अजून मनातून गेलेले नाही. त्याविषयीच बोलावे असे ठरवून आलो आहे.

त्या वर्षी १२ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, ‘कट्यार काळजात घुसली’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. आमच्या घरी त्या दिवशी माझे थोरले मामा आले होते. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. मूळ नाटक त्यांनी तरुणपणी नागपुरात पाहिलेले. एकदा नव्हे, अनेकदा. बहिणी ओवाळून झाल्या, जेवणे झाली आणि घरातली तरुण मंडळी त्यांना आग्रहाने चित्रपटाला घेऊन निघाली. मामा जाताना म्हणाले, “वसंतरावांनंतर ते ऐकायचे म्हणजे समईनंतर ट्यूबलाइट.” तरीही आले.

आत गेल्यावर जे दिसले, ते मला अपेक्षित नव्हते. मराठी चित्रपट आणि तोही रागदारीचा. म्हणून पांढऱ्या केसांची शेपन्नास माणसे असतील असे मला वाटले होते. प्रत्यक्षात चित्रपटगृह भरलेले. आजोबा, आजी, मुलगा, सून आणि मांडीवर नातू अशा तीन पिढ्या एका रांगेत. पॉपकॉर्नचे पुडे होते, भ्रमणध्वनी वाजत होते, सगळे होते. चित्रपट सुरू झाला आणि पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत ती कुजबुज थांबली. पंडितजी आणि खाँसाहेब यांची जुगलबंदी आली आणि एक तान संपताच मागच्या रांगेतून टाळ्या पडल्या. पाठोपाठ साऱ्या चित्रपटगृहातून.

आता गंमत पाहा. पडद्याला टाळ्या ऐकू येत नाहीत. गायक समोर नाही. त्याने ते गाणे कित्येक महिन्यांपूर्वी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत, कानाला यंत्र लावून गायलेले. ज्याला ऐकू येत नाही त्याला माणसे दाद देत होती! बालगंधर्वांच्या काळी ‘वन्स मोअर’ मिळाला, की गायक नट पुन्हा तेच पद नव्याने गाई. पडद्यावर ते शक्य नाही. मग लोकांनी आपला मार्ग काढला. माझ्या ओळखीची एक शिक्षिका तो चित्रपट चार वेळा पाहून आली. “सर, वन्स मोअर तिकिटाच्या खिडकीवर घेतला,” असे तिने मला सांगितले.

परंतु मास्तरकी अंगात मुरलेली असल्यामुळे माझे एक लक्ष टाळ्या कुठे पडतात इकडे होते. त्या समेवर पडत नव्हत्या. तान लांबली, वेग वाढला, श्वास पुरला, की पडत होत्या. क्रिकेटमध्ये षटकार गेला की पडतात तशा. एखादी बारीक जागा, एखादा हळूच लावलेला निषाद, तिथे चित्रपटगृह गप्प. त्या गप्प क्षणी माझ्या शेजारी एक हलकासा ‘हं’ ऐकू आला. मामा होते. खाँसाहेबांचे गाणे सुरू होताच त्यांनी डोळे मिटले होते आणि ते संपेपर्यंत उघडले नाहीत.

बाहेर आल्यावर मी विचारले, “मामा, झोप लागली का?” ते म्हणाले, “अरे, मी वसंतरावांच्या नातवाला ऐकत होतो. पडद्यावर कोण आहे ते मला पाहायचेच नव्हते.”

ज्यांना मूळ नाटकाची माहिती नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी लिहिलेले हे नाटक प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ या संस्थेने १९६७ सालच्या डिसेंबरमध्ये रंगमंचावर आणले. त्याच वर्षी जुलैमध्ये बालगंधर्वांचे निधन झाले होते. संगीत रंगभूमी आता संपली असे त्यांच्या निधनानंतर अनेकांना वाटले असेल, तर त्यात नवल नाही. आणि पाच महिन्यांत हे नाटक उभे राहिले. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकी यांचे. खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या भूमिकेत डॉ. वसंतराव देशपांडे, पंडित भानुशंकर शास्त्री झाले भार्गवराम आचरेकर, सदाशिव झाले प्रसाद सावकार. म्हणजे त्या काळी गाणारा आणि दिसणारा एकच माणूस होता. घामही त्याचाच आणि सूरही त्याचाच.

चित्रपटात हे दोन झाले. खाँसाहेब दिसले सचिन पिळगांवकरांच्या रूपात आणि गायले राहुल देशपांडे. सदाशिव झाले दिग्दर्शक सुबोध भावे आणि गळा महेश काळे यांचा. फक्त पंडितजींच्या बाबतीत शंकर महादेवन स्वतःच दिसले आणि स्वतःच गायले. पडद्यावर एवढी मोठी भूमिका त्यांनी प्रथमच केली. माझे मत विचाराल, तर प्रेक्षक पंडितजींवर चटकन विसावले त्याचे एक कारण हेच असावे. गाताना मानेची शीर कशी फुगते, ‘सा’ लागताच चेहरा कसा सैल होतो, हे अभिनयाने आणता येते, पण काही अंशीच. सचिनजींची मेहनत दिसत होती, क्वचित ती जास्तच दिसत होती. यावर आमच्या घरी त्या रात्री कडाक्याचे भांडण झाले. माझी पुतणी त्यांच्या बाजूने हिरिरीने उभी राहिली. “आजोबा, तुम्ही डोळे मिटलेत, मग तुम्हाला बोलायचा अधिकार नाही,” असे तिने मामांना सुनावले. मामा हसले. पण उत्तर त्यांच्यापाशी नव्हते.

महेश काळे यांना याच चित्रपटातील ‘अरुणी किरणी’साठी सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याआधी २०११ च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटातील गायनासाठी आनंद भाटे यांना मिळाला होता आणि पुढे ‘मी वसंतराव’साठी राहुल देशपांडे यांनाही. मराठी नाट्यसंगीताच्या अंगणात खेळलेले तीन गळे देशपातळीवर अव्वल ठरतात, ही गोष्ट आपण पुरेशा अभिमानाने सांगत नाही. हे तिघेही बैठकीत बसून, गुरूसमोर बसून घडलेले आहेत. महेश काळे अभिषेकीबुवांच्या घरी राहून शिकले. स्पर्धेच्या मंचावरून ते थेट आकाशात गेलेले नाहीत. पालकांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

आता थोडे अवघड बोलतो. चित्रपट पाहून आलेल्या आपल्यातल्याच काही मंडळींनी तेव्हा मला सांगितले, “बरे झाले, पंडितजी सज्जन आणि खाँसाहेब दुष्ट असे एकदाचे दाखवले.” दुसऱ्या बाजूची मंडळी म्हणत होती, “खाँसाहेबांना मुद्दाम खलनायक केले.” मला वाटते, दोघांनीही चित्रपट अर्धाच पाहिला. पंडितजींचा आवाज शेंदूर घालून घालवला जातो, हे पाप आहेच आणि त्याला कोणी पुण्य म्हणत नाही. परंतु पंडितजींचा शिष्य सदाशिव पुढे कुठे शिकतो? खाँसाहेबांच्याच हवेलीत, नोकर होऊन, चोरून ऐकून. गाणे तिथे आहे, म्हणून तो तिथे जातो. आणि खाँसाहेबांचा शत्रू खरे तर त्यांचा स्वतःचा अहंकार आहे. ही गोष्ट दारव्हेकरांनी इतकी स्पष्ट लिहिली आहे, की ती न दिसण्यासाठी डोळ्यांवर दुसराच कुठला चष्मा असावा लागतो.

वसंतराव स्वतः कोणाकडे शिकले ते पाहा. नागपूरला शंकरराव सप्रे गुरुजी. मग लाहोरला असद अली खाँ, ज्यांच्याकडे त्यांनी मारवा घेतला. पुढे सुरेशबाबू माने, अमान अली खाँ. दीनानाथांच्या गाण्याचा संस्कार तर लहानपणापासूनचा. ज्या माणसाने खाँसाहेब अजरामर केला, त्याच्या गळ्यात इतक्या ठिकाणचे पाणी होते. आपण संस्कृतीचा अभिमान बाळगणारी माणसे आहोत. मग ही संस्कृती कशी वाढली त्याचा पूर्ण हिशेब आपल्याला पाठ असायला हवा. सोयीचा अर्धा भाग पाठ करून चालणार नाही.

आणि चोरून ऐकण्याची ही गोष्ट तर आपल्या दाराशीच घडली आहे! इथून पंधरा-एक किलोमीटरवर देवगिरी. यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला तो तिथे. उत्तर आणि दक्षिण, दोन्हीकडचे पंडित आजही त्या ग्रंथापाशी येऊन थांबतात. त्याच देवगिरीच्या दरबारातला गायक गोपाल नायक. आख्यायिका अशी, की तो दिल्लीला अल्लाउद्दीनासमोर गायला, तेव्हा अमीर खुस्रोने सिंहासनाखाली लपून ते गाणे दिवसामागून दिवस ऐकले आणि मग दरबारात जसेच्या तसे म्हणून दाखवले. इतिहास म्हणून याचा पुरावा मागू नका, तो मिळणार नाही. परंतु ‘कट्यार’मधला सदाशिव आणि ही आख्यायिका शेजारी ठेवून पाहा. एका गोष्टीत आपला गायक गातो आणि दुसरा लपून ऐकतो. दुसरीत आपला शिष्य लपतो. लपणारा प्रत्येक वेळी एकच गोष्ट मान्य करतो, की समोरच्याचे गाणे मोठे आहे. आपण सहलीला देवगिरीवर जातो, चांदमिनार पाहतो, भुयारी अंधारी वाट मुलांना दाखवतो, खाली येऊन सीताफळे घेतो. शार्ङ्गदेवाचे नाव किती मुलांना सांगतो? मीही माझ्या मुलांना बरेच उशिरा सांगितले, हे कबूल करतो.

असो. मुख्य मुद्द्याकडे येतो, कारण तो माझ्या पोटापाण्याचा आहे.

त्या दिवाळीनंतर आमच्या वर्गात अठरा नवी मुले आली. एरवी वर्षभरात तीन-चार येतात. कोणाला ‘सूर निरागस’ शिकायचे होते, कोणाला जुगलबंदीतली ती तान. एका मुलाच्या वडिलांनी मला विचारले, “सर, गणेशोत्सवापर्यंत बसेल ना?” मी म्हटले, “काय बसेल?” ते म्हणाले, “कट्यार.” मी त्या मुलाला तीन महिने भूप शिकवला. भूपात पाच स्वर. तीन महिन्यांत ते पाचही नीट लागत नव्हते, पण लागायच्या वाटेवर होते. चौथ्या महिन्यात तो मुलगा येईनासा झाला. पुढच्या पावसाळ्यापर्यंत अठरापैकी पाच उरले.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, की मास्तर चित्रपटावर रागावलेले दिसतात. मुळीच नाही. मी त्या चित्रपटाचा ऋणी आहे. अठरा मुले माझ्या जिन्यापर्यंत आणणे मला जन्मात जमले नसते. तेरा गेली, त्याचा दोष मी चित्रपटाला देत नाही. काही अंशी स्वतःला देतो. त्यांना टाळीची जागा माहीत होती, समेची जागा दाखवण्याइतका वेळ मी त्यांना थांबवू शकलो नाही. कदाचित पहिल्याच दिवशी भूपाऐवजी त्यांच्या आवडीचे दोन चरण घेतले असते, तर आणखी चार थांबली असती. माझे गुरुजी असे कधी करत नसत. मी मात्र आता करतो. गुरुजींना ते आवडले असते की नाही, याचा विचार मी टाळतो.

नंतरचे चित्रपट मी आवर्जून पाहिले. २०२२ साली ‘मी वसंतराव’ आला, तेव्हा मी दुपारच्या खेळाला गेलो. प्रेक्षक थोडे होते. टाळ्या फारशा पडल्या नाहीत, पण दिवे लागल्यावर माणसे लगेच उठली नाहीत. मला ती दाद अधिक मोलाची वाटली. अलीकडे, जानेवारी २०२५ मध्ये, ‘संगीत मानापमान’ पडद्यावर आले. खाडिलकरांचे मूळ नाटक १९११ सालचे. रचना बहुतांशी नव्या, देखावे भव्य. आमच्या भोवतीच्या प्रेक्षकांनी तो आनंदाने पाहिला. पण बाहेर पडताना कोणी गुणगुणताना मला दिसले नाही. ‘कट्यार’च्या वेळी वाहनतळापर्यंत माणसे बेसूर का होईना, गात गेली होती. असे का झाले असावे, यावर आम्ही मास्तर मंडळी अजून वाद घालतो. माझे म्हणणे असे, की ‘कट्यार’ची जुनी पदे घराघरांत ध्वनिफितींवर आधीच वाजत होती, प्रेक्षक ती ओळखून आत गेला होता. ओळखीचा सूर भेटला, की माणूस मोकळा होतो.

मामा २०१९ मध्ये गेले. त्यांच्या सामानात त्या चित्रपटाची दोन तिकिटे निघाली. एक आमच्याबरोबरचे, भाऊबिजेचे. दुसरे त्यानंतरच्या आठवड्यातले, सकाळच्या खेळाचे. ते एकटेच पुन्हा गेले होते आणि आम्हाला कोणालाच बोलले नव्हते. दुसऱ्या वेळी त्यांनी डोळे उघडे ठेवले होते का, हे विचारायचे राहून गेले.

ती पाच मुले आता मोठी झाली आहेत. त्यांतली दोघे आज माझ्यानंतर गाणार आहेत. तंबोरे केव्हाचे लावून ठेवले आहेत. सभागृहाच्या गारव्यात उतरले असतील. ते पुन्हा जुळवायला पाचएक मिनिटे लागतील, तेवढा वेळ त्यांना द्यावा ही विनंती. मी आपली रजा घेतो. नमस्कार.