बिळाकाठची बोराटी

लिंबागणेशच्या माळावर आमच्या बांधाला कोल्ह्याचं बीळ होतं. पावसानं ओढ दिली की अवघा माळ करपायचा, पण बिळाभोवती आघाडा, सराटा, बोराटी टवटवीत. लहानपणी मी अब्बांना विचारलं, "इथं पाणी कोण घालतं?" ते म्हणाले, "ज्याचं घर, तो."

पुढं उमगलं, ते खरंच होतं. कोल्हा बोरं खातो, बिया विष्ठेतून पडतात. आघाड्याचं बी केसांना चिकटून येतं, सराट्याचा काटा पंजाला. उकरलेल्या भुसभुशीत मातीत पाऊस मुरतो, विष्ठेतलं नत्र खत होतं. धान्य साठवणाऱ्या मुंग्यांच्या बिळाभोवतीही सांडलेल्या बियांतून असंच गवत उगवतं.

गेल्या उन्हाळ्यात बांध कोरायला जेसीबी आलं. मी आडवा झालो. धाकटा म्हणाला, "भाईजान, बीळ तर कधीचं रिकामं आहे." खरं होतं. कोल्हा दिसून दोन वर्षं झाली होती. तरी मी चार हात जागा सोडायला लावली.

यंदा बोराटी लगडली. खाणारी आता शाळेतली पोरं आहेत. बिया मात्र ती बांधावरच थुंकतात. मंडळी, तेवढ्यावर माझी आशा आहे.