राजाच्या घरीं

माझ्या पांच वर्षांच्या नातीला घेऊन मी प्रथम पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत गेलों, तेव्हां तिकिटाचे पैसे वसूल झालेच पाहिजेत ही आपली मध्यमवर्गीय निष्ठा माझ्या अंगीं पुरेपूर होती. मीं तिला दालनामागून दालन ओढीत नेलें, पाट्या मोठ्यानें वाचून दाखविल्या, शतकें सांगितलीं. अखेर एका जिन्याशीं ती बसली आणि म्हणाली, "आजोबा, मला आतां कांहींच बघायचें नाहीं."

अपराध माझाच होता. दिनकर केळकरांनीं सुमारें १९२० पासून जमविलेल्या या संग्रहांत आज २०,००० हून अधिक वस्तू आहेत. मांडलेल्या वस्तूच सुमारें २,५००! जेथें प्रौढांचे डोळे शिणतात, तेथें त्या जिवाची काय कथा?

दुसऱ्या खेपेस मीं घरूनच आरंभ केला. देवळीतला जुना अडकित्ता तिच्यापुढें ठेवला, सुपारी कातरून दाखविली, मग मिटलेला अडकित्ता तिच्या हातीं दिला. संग्रहालयांत "हात लावूं नकोस" हें शंभरदां बजावण्यापेक्षां घरीं एकदां मनसोक्त हाताळूं द्यावें, हें बरें. निघतांना एवढेंच सांगितलें, "आज याचीं भावंडें पाहायचीं."

तेथें गेल्यावर मीं तोंड मिटून घेतलें. (हें किती कठीण, तें आजोबांनाच ठाऊक!) तिला तेवढें कडेवर उचलून धरलें, कारण कपाटें मोठ्यांच्या उंचीचीं असतात, आणि मुलांच्या वांट्यास बहुधा लांकूडच येतें. माणसाच्या आकाराचा एक अडकित्ता तिनें बराच वेळ न्याहाळला. "आजोबा, याचे पाय म्हणजेच दांडे!" हा शोध तिचा स्वतःचा. पुढें पितळेच्या वज्री होत्या. त्यांवरची नक्षी पाहून तिनें विचारलें, "पाय घासायला एवढी नक्षी कशाला?" एवढ्या पाट्या वाचूनही हा प्रश्न मला कधीं पडला नव्हता. वीस मिनिटांत आम्हीं पाय काढता घेतला. बाकीचीं दालनें राहिलीं तीं राहिलीं.

दाराशीं तिनें विचारलें, "हा राजा कुठला?"

मीं सांगितलें, राजा हा केळकरांचा एकुलता एक मुलगा. तो लहानपणींच गेला, म्हणून त्यांनीं संग्रहालयाला त्याचें नांव दिलें.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्याला यांतलें काय आवडायचें?"