सुरमा आणि चमकी

चहाची गाळणी प्रत्येकाच्या घरात असते. आज मी ज्या गाळणीबद्दल बोलणार आहे, तीही घरातलीच आहे. फक्त ते घर चाकांवर उभं असतं आणि गाळणी त्याच्या पोटात असते. मोटरहोम म्हणजे झोपायची जागा, शेगडी, मोरी असं सगळं आत असलेली गाडी. अशी गाडी पन्नास वर्षांची जुनी असेल, तर तिच्या गिअरबॉक्समधली गाळणी कशी तपासावी आणि कशी बदलावी, हा आजचा विषय. कविता करणाऱ्याला हा विषय कुठून सुचला, असं तुम्हाला वाटेल. मला तो कशेडी घाटाने शिकवला.

मी पनवेलजवळच्या विचुंब्याचा. मुंबई-गोवा महामार्ग पनवेलपासूनच सुरू होतो. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून जमिनीच्या वाटेने गोव्याला निघालेली मंडळी व्हॅनमध्ये संसार मांडून या रस्त्याने जायची. आमच्या भाईजाननी लहानपणी त्या गाड्या पाहिल्या आणि ते वेड त्यांच्या डोक्यात बसलं. पुढे त्यांनी एक जुनी मॅटाडोर घेतली. मॅटाडोर म्हणजे पुण्याच्या बजाज टेम्पोची गाडी. ही कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स झाली. भाईजाननी मागे दोन लांब बाकं ठोकली, स्टोव्हला जागा केली, खिडक्यांना पडदे लावले. झालं आमचं मोटरहोम.

१९९६च्या पावसाळ्यातली गोष्ट. अम्मीला तिच्या माहेरी, खेडकडे न्यायचं होतं. निघण्याआधी गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचं काम माझ्याकडे आलं. हाताने गिअर टाकायच्या जुन्या गाड्यांना बहुधा गाळणी नसते. आमच्या गाडीला तळाशी चुंबकाचा बोल्ट बसवून घेतला होता, तीच राखण. मी बोल्ट काढला, काळं तेल डब्यात सोडलं. बोल्टावर लोखंडाच्या बारीक कपच्या चिकटल्या होत्या, उन्हात जरीसारख्या चमकत होत्या. मी त्या फडक्याने पुसल्या आणि बोल्ट लख्ख करून परत बसवला. भाईजाननी विचारलं, "काय निघालं रे?" मी म्हटलं, "काही नाही, घाण होती. साफ केली."

चार दिवसांनी, संध्याकाळच्या पावसात, कशेडी घाटाच्या चढावर गिअरबॉक्स खडखडला आणि गाडी जागीच थांबली. आतले दाते तुटले होते. चाकांमागे दगड लावून आम्ही रात्र काढली. सात वर्षांचा पुतण्या हातात टॉर्च धरून जागा होता आणि अम्मी बाकावर तसबीह ओढत बसली होती. सकाळी एका ट्रकने ओढून आम्हाला पोलादपूरला उतरवलं. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला भिडत होता. भाईजाननी गाडी भंगारात काढली. अम्मीचं माहेर त्या वर्षी हुकलं, ते हुकलंच. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती राहिली नाही. भाईजान मला एक शब्द बोलले नाहीत. पण मला कळून चुकलं होतं. गाडीने चार दिवस आधी सांगितलं होतं आणि मी ते पुसून टाकलं होतं.

तो टॉर्चवाला पुतण्या आता अमेरिकेत, मिशिगनमध्ये असतो. मध्यंतरी त्याचा फोन आला, "चाचा, मी जीएमसीचं जुनं मोटरहोम घेतलं. अब्बा इथे आलेत, त्यांना फिरवायचंय. गिअरबॉक्सचा फिल्टर मागवलाय, रविवारी बदलून टाकतो." मी म्हटलं, "बेटा, बदलून टाकतो म्हणू नकोस. आधी बघतो म्हण."

ही जीएमसी मोठी नामांकित गाडी. जनरल मोटर्सने ती १९७३ ते १९७८ या मॉडेलवर्षांत, मिशिगनमधल्याच पाँटियाक गावी बनवली. ओढ पुढच्या चाकांना. इंजिनच्या शेजारी गिअरबॉक्स आणि दोघांना जोडणारी साखळी. गिअरबॉक्स आपोआप गिअर बदलणारा, तीन गिअरांचा. अशा गिअरबॉक्समध्ये तेल नुसतं वंगण नसतं. पंप ते ओढतो आणि त्याच्याच दाबाने आतले क्लच आणि पट्टे आवळले जातात, म्हणजे गिअर तेलच बदलतं. पंपाच्या तोंडाशी चपट्या डबीसारखी गाळणी असते. ती तुंबली की दाब पडतो, क्लच घसरतात, घसरले की जळतात आणि जळलेली पूड पुन्हा गाळणीत येते.

काम कसं करायचं, ते सांगतो. सपाट जागा हवी. एवढी अवजड गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कधीही खाली शिरू नये, घोड्यांवर टेकवावी. तेल कोमट असावं, कढत नव्हे. तळाच्या ट्रेचे बोल्ट एका बाजूने हळूहळू सैल करावेत, म्हणजे ट्रे तिरका होऊन तेल धारेने भांड्यात पडतं, अंगावर येत नाही. आणि इथे थांबावं. फडकं हातात घेऊ नये.

आधी तेलाचे दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाकावेत. चांगलं तेल लालसर असतं. तपकिरी झालं असेल आणि करपल्याचा वास येत असेल, तर क्लचची अस्तरं जळली आहेत. दुधाळ गुलाबी असेल तर पाणी शिरलं आहे, बहुधा रेडिएटरमधून. मग ट्रेचा तळ आणि त्यात चुंबक असेल तर ते पाहावं. त्यावरची राखाडी पूड बोटावर घेऊन चोळावी. सुरम्यासारखी मऊ लागली तर घाबरू नये, ती वयाची झीज आहे. बोटाला टोचली, उन्हात चमकली, तर आत काहीतरी तुटतंय. सुरमा चालतो, चमकी चालत नाही. जुनी गाळणीही फेकू नये. पत्रा कापून आतलं पाहावं, कारण चुंबकाला न चिकटणारं पितळ आणि अस्तराचे तुकडे तिथेच अडकतात.

मग बदलायचं काम. गाळणीच्या नळीवरचं जुनं रबरी कडं भोकातच चिकटून राहतं. ते काढल्याशिवाय नवं बसवलं तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो आणि घूंऽऽ असा आवाज करतो. जुनं गॅस्केट खरवडून काढावं. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. जोर केला की ट्रेची कड वाकते आणि गळती सुरू होते. निघालेलं तेल मोजून ठेवावं आणि साधारण तेवढंच नवं भरावं, कारण बरंचसं तेल आत टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहिलेलं असतं. शेवटी गाडी गरम करून, सगळ्या गिअरांतून दांडा फिरवून, इंजिन चालू ठेवूनच पट्टीवर तेल पाहावं.

जुन्या गिअरबॉक्सचं तेल बदललं की तो बसतो, असं पुष्कळजण म्हणतात. बसतो कधी कधी. पण बहुतेक वेळा तो आधीच झिजलेला असतो आणि बोल नव्या तेलाला लागतो. करपलेलं तेल दिसलं तर प्रवासाचा बेत थांबवावा आणि जाणत्याला दाखवावं. नवी गाळणी जुनी झीज भरून काढत नाही. हे आपल्याकडेही उपयोगी पडेल. २०२१पासून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू लागली आहे. गाडी मिरवण्याइतकीच ती उघडून पाहण्याची हौस हवी.

रविवारी रात्री पुतण्याने व्हिडिओ कॉल लावला. ट्रे समोर होता, फडकं लांब होतं. त्याने चुंबकावरची पूड बोटावर घेतली, चोळली, बोट उन्हात धरलं. मी इकडे श्वास रोखून बसलो होतो. तेवढ्यात मागून भाईजानांचा आवाज आला, "काय निघालं रे?"

एवढ्या वर्षांनी तोच प्रश्न. पुतण्याने बोट त्यांच्यापुढे धरलं आणि म्हणाला, "सुरमा निघाला, अब्बा. चमकी नाही."

भाईजाननी चष्मा वर करून बोट नीट पाहिलं. मग म्हणाले, "आता पूस."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)