चादरीचें जाकीट : नवलाई आणि नांव

सोलापुरी चादर जेथें कधींच आली नाहीं असें मराठी घर सांपडणें कठीण. लग्नाच्या आहेरांत ती येते, वसतिगृहांत जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या वळकटींत ती असते, आणि वर्षानुवर्षें धुऊन मऊ झाली म्हणजे तान्ह्या मुलाच्या अंगाखालीं जाते. अलीकडे याच कापडाचीं जाकिटें आणि पिशव्या शिवून विकण्याचा प्रघात पडूं लागला आहे. ठसठशीत रंगांची, अंगभर नक्षीची चादर जाकीट होऊन खांद्यावर आली कीं रस्त्यानें जाणारा वळून पाहतो. प्रश्न इतकाच कीं, वळून पाहणारा तें विकत घेईल काय, आणि त्याच्या खरेदीवर शिवणाऱ्याचा संसार चालेल काय?

वस्त्रविद्या सोलापुरास नवी नाहीं. १८७० नंतरच्या दशकांत येथें कापडाची पहिली गिरणी उभी राहिली व तिच्यामागोमाग आणखी गिरण्या आल्या. तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांनीं शहराच्या पूर्व भागांत घरोघर माग मांडले. जुन्या गिरण्यांचे भोंगे पुढें थांबले, पण मागांचा खडखडाट राहिला आणि त्यांत शिलाईच्या यंत्रांची घरघर मिसळली. शाळांचे गणवेश शिवण्याचा मोठा धंदा या शहरांत वाढला. २०१७ मध्यें गणवेशांचें खास प्रदर्शनहि येथें भरलें.

म्हणजे जाकिटास लागणारें कापड आणि तें शिवणारे हात एकाच गांवांत आहेत. काळाचाहि योग जुळतो. शाळा जूनमध्यें उघडतात, म्हणून गणवेशांची घाई उन्हाळ्यांत असते. पुढें यंत्रें मंदावतात. जाकीट हें थंडीचें वस्त्र. तें नेमकें या मोकळ्या महिन्यांत शिवून ठेवतां येतें, आणि हाताखालच्या बायांना घरीं बसवावें लागत नाहीं.

पांघरुणापासून अंगरख्यापर्यंतचा हा मार्ग इतरत्र कोणी चालून गेलें आहे. अमेरिकेंतील ओरेगॉन राज्यांत पेंडल्टन नांवाचें गांव आहे. तेथील बंद पडलेली लोकरीची गिरणी १९०९ मध्यें बिशप कुटुंबानें पुन्हा चालूं केली. भडक रंगांच्या, नक्षीदार कांबळ्यांसाठीं ती प्रसिद्ध झाली. मूळ अमेरिकन जमाती हें त्या कांबळ्यांचें मोठें गिऱ्हाईक होतें. १९२४ मध्यें याच कुटुंबानें पुरुषांसाठीं रंगीत लोकरी सदरे काढले, आणि १९४९ मध्यें स्त्रियांसाठीं जाकीट. कांबळें, सदरा, जाकीट या तीन पायऱ्यांस चाळीस वर्षें लागलीं. एक वस्तु गिऱ्हाइकाच्या मनांत ठसल्यावरच दुसरीस हात घालावा, हा त्यांतला बोध.

पण कांबळें आणि जाकीट यांत फरक आहे. चादर अंगावर पसरली कीं झालें. जाकीट अंगास बसावें लागतें. चादरीच्या कापडाचा मोठा गुण हा कीं, नक्षी दोन्ही बाजूंस उमटते. एका बाजूस जो रंग जमिनीचा, तोच दुसऱ्या बाजूस फुलाचा. त्यामुळें अस्तराची गरज उरत नाहीं, आणि दोन्ही बाजूंनीं घालतां येईल असें जाकीट बेततां येतें. अडचणीहि तशाच आहेत. कापलेल्या कडेचे धागे सुटतात, म्हणून शिवणींस गोट लावावा लागतो. काखेंत आणि गळ्याशीं जाड पदर एकावर एक आले कीं शिवण टोंचते. समोरच्या दोन्ही बाजूंचे मोर समोरासमोर आणावयाचे तर कापड वांया जातें. सुती कापड पहिल्या धुण्यांत आटतें. म्हणून तें आधीं भिजवून, वाळवून मगच कात्री लावावी. गडद रंगाचा तुकडा पांढऱ्या फडक्याबरोबर धुऊन पाहावा. घरची चादर थोडी आटली तर कोणी तक्रार करीत नाहीं, पण आटलेलें जाकीट पुन्हा अंगांत जात नाहीं.

आतां हिशेब. समजा, कापड, शिलाई, गुंड्या व बांधणी मिळून एका जाकिटास ६०० रुपये खर्च आला, आणि तें १,००० रुपयांस विकावयाचें ठरलें. शंभर जाकिटांस ६०,००० रुपये गुंतले. साठ जाकिटें खपलीं कीं ६०,००० रुपये परत आले. साठ खपल्याच्या आनंदांत पेढे वाटले जातात. पण तेथवर नफा एक पैसाहि झालेला नसतो. सारा नफा उरलेल्या चाळीस जाकिटांत आहे. तीं घडी घालून कपाटांत पडलीं तर वर्षाची मेहनत फुकट गेली.

तीं पडून कां राहतात? बहुधा हौसेमुळें. तीन बेत, पांच मापें आणि दोन रंग घेतले कीं तीस प्रकार होतात. शंभर जाकिटांत प्रत्येक प्रकाराचीं तीनच येतात. ज्यास जें हवें तें संपलेलें, आणि जें शिल्लक तें कोणास नको, अशी स्थिति होते. उलट एकच बेत, चार मापें आणि दोन रंग ठेवले तर आठच प्रकार होतात व प्रत्येकाचीं बारा जाकिटें हाताशीं राहतात. जानेवारींत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेस येणाऱ्या गर्दीपुढें तीं मांडून पाहावीं, कोणतें माप आधीं संपतें हें लिहून ठेवावें, आणि पुढची शंभर त्या वहीवरून बेतावीं.

उरला नांवाचा प्रश्न. पानिपतकडील स्वस्त माल ‘सोलापुरी’ म्हणून विकला जातो, ही येथील विणकरांची जुनी व्यथा. भौगोलिक मानांकनाच्या १९९९ च्या कायद्याखालीं सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांची नोंदणी झाली, ती याच रक्षणासाठीं. तें नांव एकट्याचें नसून या भागांतील सर्व खऱ्या उत्पादकांचें आहे. मात्र तें चादरीचें आहे. जाकिटास तें आपोआप लाभतें असें समजूं नये. जाकिटासाठीं स्वतःची व्यापारी मुद्रा निराळी नोंदवावी लागते. तयार कपड्यांचा वर्ग २५ वा आहे, चादरींचा २४ वा; नोंदणी दहा वर्षांची असते व तिचें नूतनीकरण करतां येतें. आणि चिठ्ठीवर ‘सोलापुरी चादरीचें कापड’ असें छापावयाचें, तर कापड खरोखर तेंच असलें पाहिजे. स्वस्तांत मिळालेलें नकली कापड वापरणारा सोलापूरकर आपल्याच विणकराचें नांव विकतो.

‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण कपड्यास फार लवकर लागू पडते. गणवेशाकडे कोणी वळूनहि पाहत नाहीं. तरी चांगल्या गणवेशाची मागणी त्याच शाळेकडून दर वर्षीं येते, कारण माप चुकत नाहीं आणि रंग उडत नाहीं. चादरीचें जाकीट नवलाईनें पहिलें गिऱ्हाईक आणील. तेंच गिऱ्हाईक पुढच्या हिवाळ्यांत भावासाठीं दुसरें जाकीट मागावयास आलें, तर धंदा उभा राहिला असें समजावें. वर्षाअखेरीस वहींत एकूण विक्रीच्या आंकड्याशेजारीं, परत आलेल्या गिऱ्हाइकांचा आंकडाहि मांडला पाहिजे.