दृष्टिदान आणि दृष्टीचा हक्क

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



नेत्रशिबिराच्या मांडवात कधी राबला नाही असा जुना कार्यकर्ता आपल्यात क्वचितच असेल. शाळेच्या खोल्या धुऊन काढायच्या, गावोगावची म्हातारी माणसे एस.टी.ने आणायची, शहरातून डॉक्टर बोलवायचे आणि शेवटच्या दिवशी डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधलेल्या त्या रांगेसमोर पाहुण्यांनी भाषण करायचे, हा क्रम आपण वर्षानुवर्षे पाळला. त्यामागची कळकळ खरी होती. परंतु केवळ कळकळीवर आरोग्यसेवा उभी राहू शकते काय, या प्रश्नाला आपण फारसे भिडलो नाही. आज मला त्याविषयी बोलावयाचे आहे.

१९८६ साली उत्तर प्रदेशातील खुर्जा येथे एका धर्मादाय शिबिरात मोतीबिंदूच्या ८८ शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी ८४ जणांचा शस्त्रक्रिया केलेला डोळा जंतुसंसर्गाने कायमचा गेला. डॉक्टर अनुभवी होते, हेतूही चांगला होता. बहुधा शस्त्रक्रियेत वापरलेले सलाइनच दूषित होते. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला या माणसांना भरपाई देण्याचा आदेश दिला. शिबिर खाजगी संस्थेचे होते; जबाबदारी मात्र अखेर शासनाकडे आली. ती आरंभीच शासनाकडे असती, तर त्या गरिबांना शिबिराची वाट पाहावी लागली नसती.

जेथे शिबिरे निर्विघ्न पार पडत तेथेही दुसरा एक अन्याय होता. डोळ्यातील गढूळ झालेले भिंग काढून टाकीत आणि त्याऐवजी जाड काचांचा चष्मा हाती देत. तो चष्मा शेतात पडला, नातवाने फोडला की म्हातारी पुन्हा आंधळी! वास्तविक डोळ्यात कृत्रिम भिंग बसविण्याची पहिली शस्त्रक्रिया लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडले यांनी १९४९ सालीच केली होती. १९८० नंतरच्या दशकात श्रीमंत देशांत ती रूढ झाली. पण एका भिंगाची किंमत शंभर डॉलरच्या वर. तेव्हा गरीब देशांना चष्माच पुरे, असा तज्ज्ञांचा व्यवहारी सल्ला होता.

हा सल्ला नाकारणाऱ्यांत दोन नावे ठळक आहेत. एक फ्रेड हॉलोज. न्यूझीलंडमध्ये जन्मलेला, तरुणपणी साम्यवादी पक्षाचा सभासद असलेला हा नेत्रवैद्य ऑस्ट्रेलियात स्थायिक झाला. तेथील आदिवासींमध्ये खुपरीने आलेले अंधत्व पाहून तो इतका अस्वस्थ झाला की १९७६ पासून त्याने सहकाऱ्यांसह शेकडो वस्त्या पालथ्या घातल्या. दुसरे डॉ. संदुक रुइत, नेपाळच्या दुर्गम डोंगराळ खेड्यातले आणि दिल्लीत नेत्रशास्त्र शिकलेले. १९८५ साली नेपाळात या दोघांची गाठ पडली. श्रीमंताच्या डोळ्याला जे लागते तेच गरिबाच्याही डोळ्याला लागते, हा दोघांचा आग्रह.

भिंगे महाग असतील, तर ती दान मिळवून वाटावीत, असा विचार कोणाही सज्जनाने केला असता. हॉलोजने भिंगांचे कारखानेच गरीब देशांत काढावयाचे ठरविले. १९८७ साली तो एरिट्रियात गेला. इथिओपियाशी चाललेल्या युद्धात, बॉम्बवर्षावाखाली, तेथील मुक्तिसैनिक डोंगरदऱ्यांत लपविलेली रुग्णालये चालवीत होते आणि स्वतःची औषधेही बनवीत होते. असे लोक भिंगे का बनवू शकणार नाहीत, असे त्याला वाटले. १९९३ च्या फेब्रुवारीत कर्करोगाने त्याचा अंत झाला. पण अस्मारा आणि काठमांडू येथे कारखाने उभे राहिले. आपल्याकडे मदुराईत डॉ. वेंकटस्वामी यांनी १९७६ साली, सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, ११ खाटांवर सुरू केलेल्या अरविंद नेत्ररुग्णालयानेही १९९२ साली स्वतःचा भिंगांचा कारखाना काढला. भिंगाची किंमत दहा डॉलरच्या खाली आली. उत्पादनाचे साधन कोणाच्या हाती, हा प्रश्न पुस्तकी नाही. म्हातारीला दिसेल की नाही, हे त्यावर ठरत असते.

येथे आपल्या विचारांच्या मंडळींचीही झाडाझडती घेतली पाहिजे. २००४ साली क्यूबा आणि व्हेनेझुएला यांनी ‘मिशन मिलाग्रो’ सुरू केले. लॅटिन अमेरिकेतील गरीब रुग्णांना विमानाने हवानाला नेऊन त्यांच्यावर मोफत शस्त्रक्रिया केल्या. पुढे इतर देशांतही केंद्रे काढली. हे काम मोठे होते, त्याचा मला अभिमान वाटतो. पण २०१९ साली बोलिव्हियात सत्ता बदलली आणि क्यूबन डॉक्टरांना परतावे लागले. सेवा धनिकाच्या दयेवर चालो अथवा दोन सरकारांच्या मैत्रीवर, जोपर्यंत ती त्या भूमीतील माणसांच्या हातात येत नाही तोपर्यंत ती पाहुणीच राहते.

मग आपण करावे काय? परदेशी पथक येवो वा शहरातील दानशूर, त्यांना हाकलून द्या असे मी म्हणत नाही. डोळ्यापुढे अंधार असलेल्या माणसाला तत्त्वचर्चेसाठी थांबविण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु प्रत्येक पथकाला काही प्रश्न विचारा. दुसऱ्या दिवशी आणि महिन्याने या रुग्णाचा डोळा कोण तपासणार? काही बिघडले तर तो कोणाच्या दारात जाणार? येथल्या किती डॉक्टरांना आणि परिचारिकांना तुम्ही शिकविले? घरची कामे टाकून येऊ न शकणाऱ्या बायकांसाठी काय योजना आहे? आणि हेच प्रश्न घेऊन आपल्या जिल्हा रुग्णालयात जा. नेत्रतज्ज्ञाची जागा भरलेली आहे काय, शस्त्रक्रियागृह आठवड्यातून किती दिवस चालते, हे लिहून आणा. त्या नोंदीच आपल्या पुढच्या मोर्चाचे निवेदन होतील.

शिबिरातली म्हातारी हात जोडून उभी राहते तेव्हा आपल्याला भरून येते. मलाही येते. परंतु रेशनच्या दुकानात धान्य घेताना ती हात जोडत नाही, कमी मापले तर भांडते. डोळ्यांच्या दवाखान्यातही तिने तसेच भांडावे, इतकी ती सेवा तिची स्वतःची झाली पाहिजे. आपले काम त्यासाठी आहे.