दुकानाचे संकेतस्थळ आणि आपला शब्द
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी विद्वान वक्ता नव्हे. चटण्या, लोणची आणि मसाले विकणारा साधा व्यापारी आहे. तेव्हा उपदेश करण्यापेक्षा स्वतःची एक चूक सांगणेच मला अधिक शोभेल.

काही वर्षांपूर्वी मुलांच्या आग्रहावरून आम्ही दुकानाचे संकेतस्थळ काढले. मजकूर मीच लिहिला. ‘परंपरेचा वारसा, शुद्धतेची हमी, अवीट गोडी’ अशी वाक्ये लिहिताना मला कोण अभिमान वाटला! लसणाच्या चटणीचेही चार ओळी कौतुक केले. तिच्यात शेंगदाण्याचे कूट असते, एवढेच लिहावयाचे राहिले. एका भगिनीने ती चटणी मागविली. तिच्या मुलाला शेंगदाण्याचे वावडे होते. पुड्यावरील घटकांची यादी तिने वाचली, म्हणून अनर्थ टळला. तिने दूरध्वनीवर एवढेच विचारले, “काका, ही गोष्ट पैसे घेण्यापूर्वी का नाही सांगितलीत?” माझ्यापाशी उत्तर नव्हते.

दुकानात गिऱ्हाईक प्रश्न विचारते आणि आपण उत्तर देतो. संकेतस्थळावर गल्ल्यामागे कोणीच बसलेले नसते. तेथे मजकुरालाच आपल्या वतीने बोलावे लागते. शिवाय वाचणारा घाईत असतो. जेकब नील्सन आणि जॉन मॉर्क्स या अभ्यासकांनी १९९७ साली प्रयोग केले. त्यांत ७९ टक्के माणसे नव्या पानावरून केवळ नजर फिरवितात आणि १६ टक्केच शब्दन् शब्द वाचतात, असे आढळले. त्यांनी एकच मजकूर निरनिराळ्या तऱ्हांनी लिहून पाहिला. शब्द निम्मे केल्यावर त्याची उपयुक्तता ५८ टक्क्यांनी वाढली. नुसती बढाई काढून टाकल्यावर २७ टक्क्यांनी. आणि थोडके शब्द, ठळक मांडणी व साधी भाषा या तिन्ही गोष्टी एकत्र केल्यावर १२४ टक्क्यांनी. स्तुतीने माल खपतो, हा माझा समज तेथेच गळून पडला.

मग आम्ही काय केले? आठवडाभर दूरध्वनीवर येणारे प्रश्न एका वहीत टिपून ठेवले. चटणीत काय काय आहे? किती दिवस टिकते? टपालखर्च किती? पुडा फुटलेला आला तर काय? ती वही हाच आमचा नवा मजकूर झाला. ‘अवीट गोडी’च्या जागी आता ‘लसूण, सुके खोबरे, शेंगदाणे, लाल मिरची, मीठ, वजन २०० ग्रॅम’ असे लिहिले आहे. ‘त्वरित सेवा’ऐवजी माल किती दिवसांत पोहोचेल, ते दिवस लिहिले आहेत. सर्वांत महत्त्वाची गोष्ट पहिल्या ओळीत, एका परिच्छेदात एकच मुद्दा, आणि वर त्याचा ठळक मथळा, एवढेच पथ्य पाळले. शेवटी सारा मजकूर घरातील वडील माणसांना मोठ्याने वाचून दाखविला; त्या जेथे अडखळल्या, तेथे वाक्य मोडून दोन केली.

कायद्याचीही अपेक्षा याहून फार वेगळी नाही. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्याचे नाव, पत्ता, तक्रार-निवारण अधिकारी आणि करांसह एकूण किंमत स्पष्ट दाखवावी लागते. अन्नपदार्थांच्या वेष्टनाविषयीच्या २०२० च्याच नियमांत शेंगदाण्यासारख्या वावड्याच्या घटकांचा उल्लेख बंधनकारक आहे. परंतु कायदा आहे म्हणून नव्हे, गिऱ्हाइकाने आपल्यावर विश्वास टाकला आहे म्हणून आपण खरे लिहावे.

आपल्या वाडवडिलांनी पेढीवर पत मिळविली, ती गोड बोलून नव्हे, तर शब्दाला जागून. आज तो शब्द काचेच्या पडद्यावर उमटतो, इतकाच फरक. आपल्या ज्ञातीतील जे तरुण नवे उद्योग काढीत आहेत, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, लिहिताना आपण मोठे दिसावे ही इच्छा बाजूस ठेवा आणि समोरच्या माणसाला काय हवे आहे, ते आधी सांगा. ती भगिनी आजही आमच्याकडून लोणचे मागविते. मागणी नोंदविण्यापूर्वी घटकांची यादी मात्र न चुकता वाचते. ती तेथे असते, याचेच मला समाधान आहे.